‘कलीला व दिम्ना’मधील खटला : आरंभीच्या मुस्लिम संस्कृतीच्या ‘वाहक’ प्रतिमेची समीक्षा

प्रस्तावना

मुस्लिम संस्कृतीच्या आरंभीच्या जडणघडणीविषयी जे पाठ्यपुस्तकी लेखन होते, त्यात एक विधान थोड्याफार फरकाने हमखास आढळते. अरबांनी ग्रीकांचे तत्त्वज्ञान, इराणची राज्यपद्धती आणि भारताचे गणित व कथावाङ्मय जतन केले आणि पुढे ते युरोपच्या स्वाधीन केले, असे ते विधान होय. वरवर पाहता हे विधान गौरवाचे आहे. परंतु या गौरवात अरबी भाषेच्या वाट्याला आलेली भूमिका थैली पोचविणाऱ्या हरकाऱ्याची आहे. थैलीतला मजकूर हरकाऱ्याने वाचला होता काय, आणि वाचल्यावर त्याने त्यात स्वतःचे काही लिहिले काय, हा प्रश्न या मांडणीत उपस्थितच होत नाही.

भारतीय वाचकाला ही भूमिका विशेष सोयीची वाटते, कारण थैली आपल्याकडून निघाली याचा त्यात अभिमान असतो. ‘पंचतंत्र’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. संस्कृतातून पहलवी, पहलवीतून अरबी, अरबीतून ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश, लॅटिन आणि शेवटी ला फोंतेन, अशी ही साखळी वर्गात फळ्यावर काढता येते आणि तीत चूक अशी काही नाही. तथापि साखळीतील प्रत्येक कडी सारखीच आहे असे गृहीत धरल्यामुळे तिच्यातील सर्वांत विलक्षण कडीकडे दुर्लक्ष होते. ती कडी म्हणजे इब्न अल-मुकफ्फा याने आठव्या शतकाच्या मध्यास अरबीत सिद्ध केलेला ‘कलीला व दिम्ना’ हा ग्रंथ. या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण असे आहे की जे कोणत्याही संस्कृत पंचतंत्रात नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाचा विचार केला आहे. आरंभीच्या मुस्लिम समाजाला नेमके काय हवे होते, कशाची धास्ती होती आणि कशाविषयी बोलता येत नव्हते, हे त्या एका प्रकरणावरून जितके स्पष्ट होते तितके ग्रंथांतरांच्या लांबलचक याद्यांवरून होत नाही.

मूळ नसलेले मूळ

आधी पाठाचा प्रश्न. पंचतंत्राचा आद्य संस्कृत पाठ उपलब्ध नाही. काश्मिरातील ‘तन्त्राख्यायिका’, दक्षिणेतील संक्षिप्त पाठ, पूर्णभद्र या जैन मुनीने ११९९ मध्ये सिद्ध केलेला पाठ, अशा निरनिराळ्या परंपरा आहेत. फ्रँकलिन एजर्टन याने १९२४ मध्ये त्यांच्या आधारे आद्य पाठाची पुनर्रचना केली. खुस्रो अनुशिर्वान (राज्यकाल ५३१–५७९) या सासानी सम्राटाच्या पदरी असलेला वैद्य बुर्झोय याने केलेले पहलवी भाषांतरही नष्ट झाले आहे. त्या पहलवीवरून सहाव्या शतकातच बूद नावाच्या धर्मोपदेशकाने केलेले सिरियाक भाषांतर तेवढे बचावले. आणि अरबी ग्रंथाचे काय? त्याचे सर्वांत जुने ज्ञात दिनांकित हस्तलिखित हिजरी ६१८, म्हणजे इ. स. १२२१ चे आहे. लेखक आणि हे हस्तलिखित यांच्यामध्ये साडेचार शतकांहून अधिक अंतर आहे. उपलब्ध अरबी हस्तलिखितांत परस्परांशी इतका फरक आहे की सिल्व्हेस्त्र द सासी याची १८१६ ची पॅरिस आवृत्ती, लुई शैखो याची १९०५ ची बैरुत आवृत्ती आणि अब्दुल वहाब अज्जाम याची १९४१ ची कैरो आवृत्ती शेजारी शेजारी ठेवल्या तर तीन भावंडे पाहिल्यासारखे वाटते. एकाच व्यक्तीची तीन छायाचित्रे पाहिल्यासारखे नाही. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात बेआत्रिसे ग्रुंडलर यांच्या मार्गदर्शनाखाली २०१८ पासून या हस्तलिखितांवर जो प्रकल्प हाती घेण्यात आला, त्याची भूमिकाही हीच आहे की या ग्रंथात नकलनवीस हा सहलेखक असतो.

म्हणजे ज्याला ‘मूळ’ म्हणावे असे काही तिन्ही टप्प्यांवर हाती नाही. अशा स्थितीत ‘भारताचे मूळ, अरबांची नक्कल’ ही भाषा वापरणे शास्त्रीयदृष्ट्याही फारसे टिकणारे नाही. एजर्टनप्रभृतींच्या पाठचिकित्सेत अरबी ग्रंथ हा हरवलेल्या संस्कृत पाठाचा एक ‘साक्षीदार’ आहे. साक्षीदाराने स्वतःविषयी काही सांगितले तर ते न्यायालय नोंदवून घेत नाही. दिम्नाच्या खटल्याचे प्रकरण या पद्धतीत ‘नंतरची भर’ म्हणून बाजूला ठेवले गेले. पाठचिकित्सेपुरते ते योग्यच होते. वाङ्मयेतिहासात मात्र नेमकी ती भरच महत्त्वाची ठरते.

कातिब आणि त्याचा काळ

इब्न अल-मुकफ्फा जन्माने अरब नव्हता. इराणच्या फार्स प्रांतातील गोर (आजचे फिरोजाबाद) येथील इराणी घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव रोझबिह. वडील उमय्यद राजवटीत महसुलाच्या कामावर होते. अफरातफरीच्या आरोपावरून त्यांचा छळ झाला आणि त्यात हात वाळून वाकडा झाला, त्यावरून ‘मुकफ्फा’ हे नाव पडले, असे परंपरा सांगते. मुलगाही कातिबच झाला. कातिब म्हणजे मराठेशाहीतील चिटणीस म्हणता येईल: पत्रे लिहिणारा, हिशेब जाणणारा, धन्याच्या मनातले धन्यापेक्षा नीट शब्दांत मांडणारा. दप्तर, दिवाण हे शब्द मराठीत आले ते याच वर्गाच्या दीर्घ परंपरेतून.

या वर्गाचा उदय हीच आरंभीच्या मुस्लिम संस्कृतीतील एक निर्णायक घटना होय. पैगंबरांचे निधन ६३२ मध्ये झाले आणि त्यानंतर अवघ्या काही दशकांत सासानी साम्राज्य संपूर्ण आणि बायझंटाइन साम्राज्याचे समृद्ध प्रांत अरबांच्या हाती आले. परंतु दप्तरे पूर्वीच्याच भाषांत चालत राहिली: इराकात पहलवी, सिरियात ग्रीक. खलिफा अब्दुल मलिक (६८५–७०५) याच्या काळात ती अरबीत आणण्यास प्रारंभ झाला. याचा परिणाम असा झाला की ज्यांची मातृभाषा अरबी नव्हती अशा शिक्षित माणसांना अरबी आत्मसात करणे पोटासाठी आवश्यक झाले. अरबी काव्य वाळवंटात जन्मले. अरबी गद्य बऱ्याच अंशी कचेरीत घडले. ज्या बसरा शहरात इब्न अल-मुकफ्फाचे आयुष्य संपले, तेथेच अरबी व्याकरणाचा पहिला महाग्रंथ रचणारा सीबवयही घडला, आणि तोही इराणीच होता.

येथे कालक्रमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मुस्लिम संस्कृतीच्या ‘सुवर्णयुगा’ची कथा बहुधा बगदादपासून, त्यातही खलिफा मामून (८१३–८३३) आणि ‘बैतुल हिक्मा’पासून सुरू केली जाते. बगदादची पायाभरणी ७६२ मध्ये झाली. इब्न अल-मुकफ्फा त्यापूर्वीच, इ. स. ७५६ च्या सुमारास, मारला गेला होता. अरबी ललित गद्याचा पहिला मोठा ग्रंथ बगदादला वीटही लागलेली नसताना तयार होता. विद्येला उदार राजाश्रय मिळाला आणि मग ग्रंथ झाले, हा क्रम येथे लागू पडत नाही. हा ग्रंथ अस्थैर्यातून आला: ७५० मध्ये उमय्यद सत्ता उलथून अब्बासी सत्तेवर आले तेव्हाच्या रक्तपातातून, आणि कालच्या धन्याचा चिटणीस आज नव्या धन्याच्या दारात उभा असताना त्याच्या मनात जे चालते त्यातून.

दिम्नाचा खटला

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राची, ‘मित्रभेदा’ची कथा सर्वपरिचित आहे. पिंगलक सिंह, संजीवक बैल, करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. दमनक आधी सिंह-बैलांची मैत्री जुळवितो, आणि त्या मैत्रीमुळे आपले महत्त्व घटल्यावर चहाडी करून ती तोडतो. सिंह बैलाला ठार मारतो. त्याला पश्चात्ताप होतो. दमनक त्याचे सांत्वन करतो आणि मंत्रिपदी राहतो. कथा संपते.

मराठीत पंचतंत्र बहुधा बालवाङ्मयाच्या कप्प्यात गेल्यामुळे या शेवटाची धग जाणवत नाही. प्रत्यक्षात तो अत्यंत कठोर शेवट आहे. विष्णुशर्मा राजपुत्रांना जग जसे आहे तसे दाखवीत आहे. चहाडखोर मंत्री यशस्वी होतो, हे भावी राजाला ठाऊक असलेच पाहिजे. नीतिशास्त्राच्या दृष्टीने त्या शेवटात उणीव अशी काही नाही.

बूदच्या सिरियाक भाषांतरातही कथा येथेच थांबते. त्यामुळे खटल्याचे प्रकरण पहलवीत नव्हते आणि ते इब्न अल-मुकफ्फाची स्वतःची रचना होय, असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. अरबीत करटकाचा कलीला, दमनकाचा दिम्ना आणि संजीवकाचा शन्झबा झाला आहे. बैलाच्या मृत्यूनंतर एका रात्री चित्ता कलीला आणि दिम्ना यांचे बोलणे ऐकतो आणि ते सिंहाच्या आईला गुप्ततेच्या अटीवर सांगतो. आई मुलाला दिम्नाच्या अपराधाविषयी सांगते, पण माहिती कोठून मिळाली हे सांगण्यास नकार देते. दिम्नाला कैद होते. न्यायाधीश बसतो, दरबार भरतो, जबान्या लिहून घेतल्या जातात.

ही केवळ नैतिक दुरुस्ती आहे, दुष्टाला शासन झाल्याशिवाय धार्मिक वाचकाचे समाधान झाले नसते म्हणून हे शेपूट जोडले, असे मत अनेकदा मांडले जाते. प्रकरण वाचल्यावर ते टिकत नाही. नैतिक समाधानच हवे होते तर दोन ओळींत दिम्नाला मारता आले असते. येथे पानेच्या पाने खर्ची पडली आहेत ती दिम्नाच्या बचावावर. आणि तो बचाव उत्तम आहे. संशयावरून निवाडा करता येत नाही, असे तो न्यायाधीशाला बजावतो. आपल्याविरुद्ध कोणी प्रत्यक्ष पाहिले असेल तर पुढे यावे, असे तो भर दरबारात आव्हान देतो, आणि दरबार गप्प राहतो. सिंहाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख पुढे येऊन दिम्नाच्या चेहरेपट्टीवरून, डोळ्याच्या ठेवणीवरून त्याचे पाप सिद्ध करू पाहतो. दिम्ना उत्तरतो की शरीराच्या खुणांवरून पापपुण्य ठरणार असेल तर सत्कर्माला अर्थ काय उरला? आणि मग त्या प्रमुखाच्याच शरीरातील व्यंगांचा तो असा पाढा वाचतो की बिचाऱ्याची नोकरी जाते. वाचकाला दिम्ना अपराधी आहे हे आधीपासून माहीत आहे, तरीही प्रत्येक फेरीत सरशी त्याचीच होते. अपराध ठाऊक असणे आणि अपराध सिद्ध होणे यांतील अंतर हाच या प्रकरणाचा खरा विषय आहे.

ते अंतर शेवटी भरून निघते ते कसे? सिंहाच्या आईच्या आग्रहावरून चित्ता साक्ष देतो. त्याच वेळी तुरुंगातील आणखी एक प्राणी, ज्याने कोठडीत कलीला-दिम्ना यांचे बोलणे ऐकले होते, निरोप पाठवितो की आपल्यापाशीही साक्ष आहे. आधी का बोलला नाहीस, असे विचारल्यावर तो सांगतो की एकट्याच्या साक्षीने निवाडा होत नाही. दोन साक्षीदार झाले आणि दिम्नाला देहदंड झाला. इस्लामी न्यायव्यवहारात सामान्यतः दोन साक्षीदारांची अपेक्षा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तराचे स्थान कळते. संस्कृत कथेचे अरण्य येथे काझीची कचेरी झाले आहे.

हे सर्व हवेतून आले नाही. इब्न अल-मुकफ्फाचे ‘रिसाला फिस्सहाबा’ हे खलिफा मन्सूर (७५४–७७५) याच्या राजवटीसाठी लिहिलेले निवेदन उपलब्ध आहे. त्यात सैन्याची शिस्त व वेतन, जमीनमहसूल, खलिफाच्या भोवतालच्या माणसांची निवड यांविषयी सूचना आहेत. त्यातील सर्वांत धाडसी सूचना न्यायासंबंधी आहे. कूफा, बसरा आदी शहरांत एकाच प्रश्नावर परस्परविरुद्ध निवाडे होतात. कूफ्याच्या एका भागात जे वैध तेच दुसऱ्या भागात निषिद्ध ठरते. खलिफाने हे सर्व निवाडे मागवावेत, त्यांतील आधार तपासावेत आणि साऱ्या राज्यासाठी एक लेखी संहिता करावी, असे तो सुचवितो. गॉइटाइन याने या निवेदनाकडे मुस्लिम राज्यसंस्थेच्या इतिहासातील एक वळणबिंदू म्हणून पाहिले, ते योग्यच होते. मात्र वळण आले आणि राज्य त्या दिशेने वळले नाही. कायदा खलिफाच्या कचेरीत न घडता पुढे स्वतंत्र धर्मशास्त्रज्ञांच्या हाती घडला. दिम्नाचा खटला या निवेदनाच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. एका ठिकाणी चिटणीस राजाला सरळ सांगतो, दुसऱ्या ठिकाणी कोल्ह्याच्या तोंडून.

पोपट आणि भाषांतरकार

खटल्यात दिम्ना एक उपकथा सांगतो. ती स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. एका मर्झबानाच्या, म्हणजे सरहद्दीवरील सुभेदाराच्या पदरी ससाणे सांभाळणारा एक नोकर असतो. धन्याच्या पत्नीने त्याला झिडकारल्यावर सूड घेण्यासाठी तो दोन पोपट पाळतो आणि त्यांना बल्खच्या भाषेतील वाक्ये शिकवितो. एक पोपट म्हणतो की बाईंना द्वारपालाबरोबर पाहिले. दुसरा म्हणतो की आपण काही बोलणार नाही. घरात ती भाषा कोणालाच येत नसल्याने सर्वांना त्या बोलण्याचे कौतुकच वाटते. एके दिवशी बल्खचे पाहुणे येतात आणि ते वाक्य ऐकून माना खाली घालतात. स्त्रीवर आळ येतो. ती शांतपणे एवढेच म्हणते की पोपटांना त्या भाषेत आणखी काही बोलता येते का, ते तपासावे. येत नाही. कारस्थान उघडे पडते आणि खोटी साक्ष देणाऱ्या त्या नोकराचे डोळे त्याच्याच हातावरील ससाणा फोडतो.

परक्या भाषेतील वाक्य न समजता जसेच्या तसे पोचविणारा पोपट हा शुद्ध ‘वाहक’ आहे. त्याच्या उच्चारात एका अक्षराची चूक नाही. तरीही त्याची साक्ष खोटी आहे, कारण त्या भाषेत त्याला दुसरे वाक्य रचता येत नाही. परभाषेवर पोट भरणाऱ्या, आणि दुसऱ्या भाषेतून ग्रंथ आणणाऱ्या लेखकाने हीच कथा या ठिकाणी घालावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. भाषांतरकाराची कसोटी त्या स्त्रीने सांगितली आहे: त्याला त्या भाषेत आणखी काही बोलता येते काय? दिम्नाचा खटला म्हणजे इब्न अल-मुकफ्फाला येत असलेले ते ‘आणखी काही’ होय. आरंभीच्या मुस्लिम संस्कृतीला वाहक म्हणणारे विद्वान तिला नकळत त्या पोपटांच्या पिंजऱ्यात बसवितात.

अर्थात हे ‘आणखी काही’ पूर्णतः परके नाही, हेही नोंदविले पाहिजे. ‘कलीला व दिम्ना’मध्ये पंचतंत्राबाहेरील काही प्रकरणे आहेत आणि त्यांतील तीन महाभारताच्या शांतिपर्वातून आलेली आहेत. त्यांपैकी एकात सदाचारी कोल्ह्यावर राजाचे मांस चोरल्याचा आळ येतो, राजा त्याला मारण्याचा हुकूम देतो आणि राजमाता मध्ये पडून त्याला वाचविते. महाभारतात हा राजा वाघ आहे, अरबीत सिंह. दिम्नाच्या खटल्यात सिंहाच्या आईला जी प्रमुख भूमिका मिळाली आहे, तिचे बीज येथे असण्याची दाट शक्यता आहे. तेथे माता निरपराध्याला सोडविते, येथे अपराध्याला अडकविते. नवी इमारत जुन्याच लाकडाची आहे. रचना मात्र नवी आहे.

सिंहावर खटला नाही

तरीही या प्रकरणाला एक मोठी मर्यादा आहे आणि तिचा विचार टाळल्यास समीक्षा अपुरी राहील. शन्झबाला ठार कोणी मारले? दिम्नाने चहाडी केली; पंजा सिंहाचा होता. चौकशी न करता, बैलाला एक शब्द न बोलू देता सिंहाने त्याला मारले. ज्या न्यायसभेत दिम्नाला बचावाची सर्व संधी मिळते, तशी कोणतीही सभा शन्झबासाठी भरली नव्हती. खटल्यात सिंह न्यायाच्या बाजूला बसलेला आहे, तक्रारदारही तोच, आणि मृताचा खरा मारेकरीही तोच. पुरावा, साक्ष, संशय यांविषयी इतके बारकाईने बोलणारा हा मजकूर या एका ठिकाणी मुका होतो. सिंहाला पश्चात्ताप होतो एवढेच. पश्चात्ताप हा निवाडा नव्हे.

लेखकाला हे दिसले नसेल असे मानण्याचे कारण नाही. मन्सूरचा चुलता अब्दुल्ला इब्न अली याने ७५४ मध्ये बंड केले आणि पराभवानंतर बसऱ्यास भावांकडे आश्रय घेतला. खलिफाने त्याला अभय द्यावे असे ठरले आणि त्या अमानाचा, म्हणजे कौलनाम्याचा, मसुदा इब्न अल-मुकफ्फाने लिहिला. खलिफाने वचन मोडले तर त्याच्या स्त्रियांना तलाक झाला, त्याचे गुलाम मुक्त झाले आणि मुसलमान त्याच्या निष्ठेतून मोकळे झाले असे समजावे, अशी कलमे त्यात होती असे इतिहासकार सांगतात. राजाला शब्दात बांधण्याचा हा प्रयत्न होता. मन्सूर संतापला. बसऱ्याचा नवा सुभेदार सुफयान इब्न मुआविया याने इब्न अल-मुकफ्फाला अत्यंत क्रूरपणे ठार केले; अवयव तोडून तंदूरात जाळल्याचे वर्णन परंपरेत येते. मृत्यूसमयी त्याचे वय जेमतेम छत्तीसच्या आसपास होते. त्याच्यावर पाखंडाचा, म्हणजे छुप्या मानी पंथाचा, आरोपही होता. परंतु खटला झाल्याचे कोठे नमूद नाही. दोन साक्षीदार कोणी मागितले नाहीत.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सिंह म्हणजे मन्सूर आणि बैल म्हणजे ७५५ मध्ये त्याने मारविलेला पराक्रमी सेनानी अबू मुस्लिम, असे थेट रूपक लावणे आकर्षक आहे. पण बैलाच्या वधाची कथा त्या घटनेच्या कित्येक शतके आधीची आहे. संबंध एवढाच मानावा की अशा काळात ही जुनी कथा कशी संपवावी हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन राहिला नव्हता. नंतरच्या वाचकांनी तो ओळखला. ग्रंथाला पुढे जोडलेल्या एका प्रस्तावनेत बैदबा हा तत्त्ववेत्ता जुलमी राजा दब्शलीमला उपदेश करतो आणि राजा त्याला तुरुंगात टाकतो, अशी कथा आहे. त्या कथेत राजाला उपरती होते आणि बैदबा सुटतो. इब्न अल-मुकफ्फाच्या चरित्रात जे घडले नाही, ते प्रस्तावनेने घडवून आणले.

अल्बेरुनीचा आक्षेप

‘कलीला व दिम्ना’ची पहिली गंभीर पाठसमीक्षा युरोपीय विद्वानांनी केली असा समज आहे. तिचा मान अल्बेरुनीला द्यावा लागेल. इ. स. १०३० च्या सुमारास पूर्ण केलेल्या भारतविषयक ग्रंथात तो ‘पंचतंत्र’ या नावानिशी या ग्रंथाचा उल्लेख करतो, त्याचे स्वतः भाषांतर करता आले तर बरे होईल अशी इच्छा व्यक्त करतो, आणि प्रचलित अरबी ग्रंथ विश्वासार्ह नाही असे सांगतो. त्याच्या मते इब्न अल-मुकफ्फाने बुर्झोयचे आत्मकथन पदरचे घातले. दुबळ्या श्रद्धेच्या लोकांच्या मनात धर्माविषयी शंका निर्माण करावी आणि त्यांना मानी पंथाकडे वळवावे, हा त्याचा हेतू. ज्याने एवढे घातले, त्याने भाषांतरात इतरत्रही ढवळाढवळ केली नसेल कशावरून, असा अल्बेरुनीचा सवाल आहे.

त्या आत्मकथनात वैद्य बुर्झोय सर्व धर्मांच्या पंडितांना प्रश्न विचारतो, प्रत्येक जण स्वतःच्याच धर्माची स्तुती करतो, आणि शेवटी सर्व धर्मांना मान्य असलेल्या सदाचारावर तो थांबतो. त्याच्या अखेरीस विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा प्रसिद्ध दृष्टांत आहे: खाली अजगर, फांदी कुरतडणारे काळा व पांढरा असे दोन उंदीर, आणि मधाच्या थेंबात गुंगलेला माणूस. हाच दृष्टांत महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो. आत्मकथनातील संशयवाद बुर्झोयचा की इब्न अल-मुकफ्फाचा, यावर नोल्डेके याने १९१२ मध्ये आणि पॉल क्राउस याने १९३३ मध्ये विस्ताराने लिहिले. क्राउसने तशाच विचारांचा एक सासानीकालीन सिरियाक लेख दाखवून दिल्याने अल्बेरुनीचा आरोप बराच दुबळा झाला.

आरोप दुबळा झाला तरी आरोपकर्त्याची दृष्टी मोलाची आहे. अल्बेरुनी संस्कृत शिकला होता. भाषांतर म्हणजे प्रामाणिक साक्ष, हा त्याचा आदर्श. इब्न अल-मुकफ्फाचा आदर्श निराळा: भाषांतर म्हणजे नव्या समाजाला लागणारा ग्रंथ घडविणे. दोघेही एकाच संस्कृतीचे, दोघेही मातृभाषेहून भिन्न अशा अरबीत लिहिणारे, मध्ये पावणेतीनशे वर्षांचे अंतर. ‘मुस्लिम संस्कृतीने परकीय ज्ञान स्वीकारले’ अशा एकवचनी वाक्यात हा वाद मावत नाही. स्वीकारावे कसे, यावरच त्या संस्कृतीत मतभेद होता आणि तो उघडपणे लिहिला जात होता.

नंतरचे वाचन

ग्रंथाचा पुढील प्रवास सर्वज्ञात असल्याने त्यातील काही स्थळांचाच निर्देश पुरे. बर्मकी वजिरांसाठी अबान अल-लाहिकी याने त्याचे पद्यरूपांतर केले. हे वजीर घराणे बल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे, हे येथे आठवावे. दहाव्या शतकात बसऱ्यातील ‘इख्वानुस्सफा’ या विचारवंतांच्या मंडळाने आपल्या ज्ञानकोशात प्राण्यांनी माणसाविरुद्ध जिन्नांच्या राजापुढे भरलेला खटला रंगविला आणि त्यात हिंस्र पशूंचा प्रतिनिधी म्हणून दिम्नाचा भाऊ कलीला यालाच उभे केले. खटला हा साचा अरबी कल्पनेत किती खोल रुजला होता, हे यावरून कळते.

फारसी परंपरा चिटणिसांनीच पुढे नेली. गझनीच्या बहरामशाहासाठी नसरुल्ला मुन्शी याने ११४६ च्या सुमारास फारसी गद्यरूपांतर केले; पुढच्या एका गझनवी सुलतानाने त्याला कैदेत टाकून मारविले. त्याच्या ग्रंथावरून हेरातच्या हुसेन वाइज काशिफी याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अलंकारप्रचुर ‘अन्वारे सुहैली’ सिद्ध केली. ती अवघड वाटल्याने अकबराने अबुल फजलला सोपा फारसी ग्रंथ लिहिण्यास सांगितले. अबुल फजलने १५८८ मध्ये ‘इयारे दानिश’ पूर्ण केला आणि काशिफीने गाळलेले बुर्झोयचे आत्मकथन त्यात पुन्हा घातले. १६०२ मध्ये शाहजादा सलीमच्या चिथावणीने अबुल फजलचा खून झाला.

अकबराच्याच आज्ञेने मुस्तफा खालिकदाद अब्बासी याने पंचतंत्राचा जैन पाठ थेट संस्कृतातून फारसीत आणला. अशा रीतीने एकाच दरबारात, एकाच भाषेत, या कथेचे दोन्ही शेवट वाचावयास उपलब्ध झाले. एका ग्रंथात दमनक सिंहाचे सांत्वन करून मंत्रिपदावर कायम आहे, आणि दुसऱ्यात दोन साक्षीदारांच्या जबानीनंतर दिम्नाला देहदंड झालेला आहे. सिंह दोहोंतही सिंहासनावरच आहे.